हा हात यांचा नाही

काकू : नाही हो, फोटो चांगलाच आलाय. तेच तर दुखणं आहे. तुम्हीच बघा. मुलानं बनवून पाठवलाय फोनवर.

फोटोग्राफर : छान आहे की काकू. दोघं अगदी शेजारी शेजारी...

काकू : माझ्या खांद्यावर बघा.

फोटोग्राफर : काकांचा हात आहे.

काकू : हा हात यांचा नाही.

काका : घ्या, झालं सुरू. आठवडाभर घरी हेच चाललंय. अहो, मुलानं माझा एक फोटो दिला, हिचा एक दिला आणि त्या एआयला सांगितलं, दोघांना एकत्र बसव. त्यानं बसवलं. हात ठेवला असेल आपल्या मनानं. त्याला काय कळतंय?

काकू : तेच म्हणते मी. त्या मेल्याला कोणी न सांगता सुचलं. नखं बघा, कारकुनासारखी. यांचा जन्म गाड्या दुरुस्त करण्यात गेला, नखांत कायम काळं. आणि लग्नाला इतकी वर्षं झाली, एका फोटोत यांचा हात माझ्या खांद्यावर असेल तर शपथ. जिथे तिथे हे आपले हात मागे बांधून, हवालदारासारखे.

काका : उभा राहतो ना पण शेजारी?

काकू : मुलगा हा फोटो मोठा करून रविवारी भिंतीवर लावणार आहे. येता-जाता मी स्वतःला परक्याचा हात खांद्यावर घेऊन बसलेली बघू? मला रविवारच्या आत खरा फोटो हवाय. म्हणून यांना ओढत आणलंय.

फोटोग्राफर : कळलं. चहा घेणार ना दोघं?

काका : चहा राहू द्या. फोटो काढा, पाच मिनिटांचं काम.

फोटोग्राफर : माझ्याकडे आता पाच मिनिटांचं काम नसतं, काका. पूर्वी असायचं. नोकरीचे फोटो, पासपोर्टचे फोटो, पायरीपर्यंत रांग. आता लोक फोनलाच सांगतात, कोट घाल, टक्कल झाक. तो देतो. माझा भाऊ म्हणाला, ताई, दुकानाला कुलूप लाव. महिनाभर रडले, मग ठरवलं, दिवसाला एकच घर बोलवायचं. आधी बसायचं, गप्पा मारायच्या. कॅमेरा तिकडे कपड्याखाली.

काका : मग तुम्ही देता काय लोकांना?

फोटोग्राफर : फोटो तर फोनही देतो. मी दुपार देते.

काका : दुपार घरीही असते.

काकू : घरी दुपारी हे घोरतात.

फोटोग्राफर : मागे दोन बहिणी आल्या होत्या. फोटो राहिला बाजूला, इथेच बसून लहानपणीची भांडणं काढली. शेवटी थोरलीनं धाकटीची वेणी घातली, तोच फोटो घेतला. आता त्यांची बाकीची भावंडं विचारतात, आम्ही कधी येऊ. काकू, हा घ्या तुमचा चहा. बसा तुम्ही, मी हा दिवा खिडकीकडे सरकवते.

काका : ते काय करकरलं?

फोटोग्राफर : दिव्याचं स्टँड. चाक कुरकुरतं जरा.

काका : जरा? जीव घेतंय ते. ग्रीस आहे का कुठे? आणि पाना?

काकू : अहो, फोटो काढायला आलोय आपण. धुतलेला शर्ट आहे अंगात.

काका : तिला बोलू द्या. तुम्ही स्टँड आडवं धरा. हां. हे बघा, केस गुंतलेत आत. बिचाऱ्याकडे कोणी बघितलेलंच दिसत नाही.

फोटोग्राफर : लग्नानंतर लगेच काढला होता का दोघांनी फोटो?

काका : काढला होता. अशाच एका दुकानात. मी गॅरेजमधून तसाच गेलो होतो. फोटोवाला म्हणाला, बायकोच्या खांद्यावर हात ठेवा. मी ठेवायला गेलो.

फोटोग्राफर : मग?

काका : मग काही नाही. हिचे नवे कपडे होते, फिक्या निळ्या रंगाचे. म्हणाली, त्या काळ्या हातांनी मला हात लावू नका. पाना द्या तो. नाही, धाकटा.

(काकू हातातला कप खाली ठेवतात.)

काकू : मी म्हणाले असं?

काका : म्हणालीस. त्यात काय चुकलं? हौसेनं घेतले होतेस कपडे.

काकू : मला आठवतही नाही हो.

काका : मला आठवतं ना. तेव्हापासून कॅमेरा दिसला की हात आपोआप मागे जातात. आता सवयच झालीय. फिरवा बघू चाक.

फोटोग्राफर : आवाजच गेला की काका.

काकू : आणि मी समजत होते, यांना चारचौघांत माझी लाज वाटते. बहिणीच्या लग्नातले फोटो बघून मी न्हाणीघरात जाऊन रडले होते, ठाऊक आहे? सगळ्यांचे नवरे खेटून उभे, आणि माझा आपला खांबाशेजारी.

काका : मग विचारायचं नाही का?

काकू : तुम्ही सांगायचं नाही का?

फोटोग्राफर : काकू, या, इथे खिडकीजवळ बसा. काका, तुम्ही मागे.

काका : थांबा, हात धुऊन येतो. साबण कुठाय?

काकू : धुवू नका.

काका : अगं, ग्रीस आहे. आणि तुझे कपडे नवे आहेत.

काकू : ठाऊक आहे. मीच घेतलेत.

काका : डाग जाणार नाही हा, आधीच सांगून ठेवतो.

काकू : नाही गेला तर नाही गेला. ठेवा म्हणते ना.

काका : असा?

काकू : नीट ठेवा. चटका बसल्यासारखं काय करताय?

काका : बरं. घे. आता रडतेस कशाला? मी काय केलं?

काकू : काही नाही केलंत. समोर बघा, त्या फोटो काढतायत.

फोटोग्राफर : नाही काढत, काकू. मलाच काही दिसेना. डोळे पुसते, थांबा. हां. असेच राहा दोघं. झाला.

काकू : दाखवा बघू. अगं बाई. हा यांचा हात. अंगठा बघा वाकडा, इंजिनाच्या पट्ट्यात सापडला होता. त्या एआयनं सरळ करून टाकला होता. रविवारी भिंतीवर हा लागणार. मुलाला मी सांगते काय ते.

फोटोग्राफर : खांद्यावरचा डाग मात्र दिसतोय, काकू. कॉम्प्युटरवर पुसून देऊ का? एका मिनिटात जाईल.

काकू : त्याला अजिबात हात लावू नका.

काका : झालं ना पण सगळं? मी हात काढू आता?

काकू : कुठे जायची घाई आहे तुम्हाला?