चौथ्या कप्प्यातली डिस्क

हॅलो?… हो, फुसीच बोलतेय. कोण, लोसा? अजून स्टुडिओतच? बोल गं, हात नारळाच्या दुधात आहेत, उद्याच्या जेवणातल्या लूसाठी अळूची पानं गुंडाळतेय… काय? कुठला दिवा?

थांब, थांब. आधी रडू नकोस. दुपारी मी मामांच्या साठवणीच्या पेटीत नवी डिस्क बसवली ना, दुसऱ्या कप्प्यात, मेलेल्या डिस्कच्या जागी? तिचा दिवा लुकलुकतोय?… मग ठीक आहे. बाकीच्या तिघींकडून ती सगळं उतरवून घेतेय… आणि चौथीचा पिवळा झाला? अरे देवा.

अगं, घाबरवत नाहीये. जुन्या चौघी ऑकलंडहून एकाच खोक्यातून आल्या होत्या, एका वयाच्या. एक गेली की दुसरीचंही काही खरं नसतं. एकीचं मरण ती पेटी सोसते, दोघींचं नाही… हो, मग मामांच्या स्टुडिओतली सगळ्या लग्नांची, सगळ्या अंत्यविधींची चित्रणं गेलीच समज. दुसरी प्रत कुठे आहे? किती वेळा सांगितलं होतं मामांना!

मामा काय म्हणतायत? बंद कर?… अगं नाही, ऐक ना, बटणाला हात लावू नकोस… माहीत आहे गं, उद्या रविवार, देवाचा दिवस, सगळी कामं बंद. दर शनिवारी संध्याकाळी फिलिमोनेमामा पेटीलाही विश्रांती देतात, सगळ्या नुकुआलोफाला ठाऊक आहे. पण थकलेली डिस्क फिरतेय तोवर फिरते. आज थांबवलीस तर सोमवारी उठेलच असं नाही… त्यांना विचार, रविवारी इस्पितळातल्या नर्सा घरी बसतात का?

…हसले? चला, सुटलो.

आता तुझा लॅपटॉप जोड. जागा किती?… एवढीच? एका वर्षाचंच मावेल. मग मामींचं घे आधी. देवाघरी जाण्याआधीच्या नाताळात देवळात गायल्या होत्या, ते… अगं, मामांना काय विचारतेस, मी सांगतेय ना…

काय?… परत सांग.

…यंदाचे अंत्यविधी घ्या म्हणाले? लोकांनी विश्वासानं आपली माणसं आपल्या हवाली केलीत, आमचं नंतर बघू… असं म्हणाले?

…थांब, हात पुसतेय.

बरं, ते म्हणतात तसंच कर. दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी आणलेली एक मोठी डिस्क पडलीय माझ्याकडे, तिच्यात मामींचंही मावेल. त्याला सोमवारी सांगेन काहीतरी… हो, कोलोवाईहून यायला वेळ लागेल, पण निघतेच. पानं आमचे हे गुंडाळतील… अगं, खरंच येतेय.

मामांना सांग, फुसी मामींना आणायला निघालीय. ठेवते.