टर्कीला घातलेली साद

ऑस्ट्रेलियातल्या वॉलॉंगॉंगच्या दवाखान्यात निहारिका नंबरची वाट बघत बसली होती. शेजारचं जोडपं, इथे कुणाला मराठी कळतंय अशा बिनधास्त आवाजात बोलत होतं. नवऱ्याचा हात मनगटापासून कोपरापर्यंत काळानिळा पडला होता.

“टर्कीने मारलं?”

“धनुष्याच्या दोरीने. प्रॅक्टिस करताना.”

“आणि टर्की? त्याच्या शिकारीसाठीच न्यूझीलंडला गेलास ना?”

“तीन दिवस झुडपात बसून मादीसारखी साद घालत होतो. चौथ्या सकाळी नर आला. पिसारा फुलवून, अगदी वीस पावलांवर.”

“मग?”

“मादी कुठेय म्हणून शोधत होता गं, इतक्या आशेने! बाणच सुटला नाही.”

“दया आली?”

“लाज वाटली. खोटं सांगून बोलावलं होतं ना त्याला.”

“यतीन, लग्न ठरताना तू मला म्हणाला होतास, स्वयंपाक येतो.”

“हो.”

“तेव्हा नाही वाटली लाज?”

“तेव्हा तू नकार देऊन परत जाशील, ही भीती जास्त होती.”

निहारिकाचं नाव पुकारलं गेलं. ती मुद्दामच सावकाश उठली. पाठीमागून बाईचा आवाज आला,

“हात दे इकडे. सूज वाढलीये.”