तलंगा खाली बसतात

फेब्रुवारीतली सकाळ होती. गावच्या दवाखान्यात इलिंका आपल्या नंबराची वाट बघत बसली होती. समोरच्या बाकावर म्हातारे ग्लिगोर आणि त्यांची शेजारीण साफ्ता बोलत होते.

"रविवारी जावई येतोय. सगळ्या तलंगा कापून टाकणार."

"अहो, पण का?"

"सहा महिन्यांच्या झाल्या, अजून एक अंडं नाही. बायको होती तोवर कोंबड्यांचं तीच बघायची. ती गेली. मला नाही जमत."

"थंडीत दिवस लहान असतो, भाऊ. उजेड वाढल्याशिवाय नवी कोंबडी अंड्यावर येत नाही. तुरे लाल झालेत का?"

"झालेत. पण मला भितात त्या. जवळ गेलो की अंग चोरून खालीच बसतात. म्हणून मी दाणे टाकतो आणि लगेच घरात जातो."

"भितात कुठल्या! भ्यायल्या असत्या तर पळाल्या असत्या. तलंग अशी बसायला लागली की समजायचं, अंडं आता आलंच."

"म्हणजे मला भीत नाहीत?"

"नाही हो."

नर्सनं ग्लिगोर यांचं नाव पुकारलं. त्यांनी हातानंच तिला थांबवलं आणि खिशातून फोन काढला.

"जावईबापू, रविवारी याच. पण सुरी आणू नका. नाही, नाही, उपाशी नाही ठेवत. मक्याच्या पिठाचा ममलिगा घोटतो मी."