दादाच्या खोलीतला अंधार

पडदा ओढला तो दांडीसकट खाली आला, खोलीत उजेड पडला आणि दादाचे ओठ मला दिसले. ते जांभळट काळे होते. नखेही तशीच. वेळ शनिवार दुपारी बारा वाजून वीस मिनिटे.

पोलिसांनी समक्ष विचारल्यावरून सांगते की, मी मयताची धाकटी बहीण, वय ४६, अविवाहित, धंदा पडदे शिवणे, राहणार दुकानामागच्या खोलीत. मयत माझा मोठा भाऊ, वय ५२, लेथ मशीनवर कामाला. तो आणि वहिनी दोघेच दुकानाच्या वरच्या मजल्यावर राहत.

सोमवारी दादाला ताप आला. बुधवारी कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी तपासले. विषाणूचा ताप आहे, विश्रांती घ्या, पाणी पीत राहा, धाप लागली किंवा ओठ-नखांचा रंग बदलला तर तडक मोठा दवाखाना गाठा, असे त्यांनी सांगितले. हे मी स्वतः ऐकले आहे.

गुरुवारी एक बाई पडद्यांची मापे घेऊन दुकानात आल्या. त्या रात्रपाळीत फोन घेण्याचे काम करतात आणि दिवसा झोपतात. त्यांनी पर्समधून मेलाटोनिनच्या गोळ्यांची बाटली काढून दाखवली. म्हणाल्या, "नुसती झोपेची नाही हो, प्रतिकारशक्तीचीपण आहे. साथीत आमचं सगळं ऑफिस आडवं झालं, मी एकटी ठणठणीत. फक्त उजेड लागता कामा नये, नाहीतर गोळी वाया." संध्याकाळी मी तशीच बाटली मेडिकलमधून आणली. कोणाला हवी ते मेडिकलवाल्यांनी विचारले नाही, मी सांगितले नाही.

बाईंच्या पडद्यांसाठी काढून ठेवलेले काळे अस्तर दुकानात होते. त्यातून मी दादाच्या खिडकीचा पडदा शिवला. दोन्ही बाजूंना चार बोटे जास्त ठेवली. खालच्या काठात वजनाची साखळी घातली. माझ्या पडद्यातून उजेड येत नाही, हे बाजारात सगळ्यांना माहीत आहे. बाटलीवर रात्री एक असे लिहिले होते. मी दिवसाही एक दिली आणि खोली दिवसाही काळोखी ठेवली.

दादा म्हणाला, "चिमे, मी काय कोंबडी आहे का, टोपलीखाली झाकायला?" मी म्हटले, "गप पड. सकाळी अंडं दे." तो हसला, मग खोकला. हसताना मला दिसला नाही.

शुक्रवारी तो दिवसभर झोपून होता. वहिनीने दोनदा विचारले, "वन्सं, लाइट लावून बघू का जरा?" दोन्ही वेळा मी नको म्हणाले. "झोप लागलीय तर कशाला मोडता घालायचा?" पाणी आम्ही चाचपडत पाजले. संध्याकाळी कपाळ गार लागले. वहिनी म्हणाली, "उतरला एकदाचा." मी खाली येऊन पोटभर जेवले.

शनिवारी सकाळी मी दाराशी उभी राहून कानोसा घेतला. श्वास मोठ्याने येत होता. घोरतो आहे असे मी समजले आणि दुकान उघडले. दुपारी वहिनीने वरून हाक मारली. तो पाणी गिळत नव्हता. मी वर जाऊन पडदा ओढला. गाडी वीस मिनिटांत आली. दवाखान्याच्या दारातच तो गेल्याचे आम्हाला सांगण्यात आले.

माझी त्या बाईंविरुद्ध तक्रार नाही. मेडिकलवाल्यांविरुद्ध नाही. वहिनीने लाइट लावू का असे विचारले होते, हे वेगळे लिहून घ्यावे.

हवालदारांनी हे सगळे मला सावकाश वाचून दाखवले. मी सांगितले तसेच उतरले आहे.

पुरवणी : रविवारी सकाळी सव्वादहाला प्रेत ताब्यात मिळाले. मृत्यू फुप्फुसांतल्या संसर्गाने झाला, गोळीने नाही, असे तपासणाऱ्या डॉक्टरांनी सांगितले. त्या गोळीने असा ताप बरा होतो असेही कुठे सिद्ध झालेले नाही, असे ते म्हणाले. वहिनीने कागदावर सही केली. पेन माझ्याकडे देताना तिने विचारले, "मग अंधार कशाला केला होता, वन्सं?" मी साक्षीदार म्हणून तिच्या सहीखाली सही केली.