रॉकेलातला धाकटा

रॉकेलचं नाव काढलंत म्हणून सांगते. दुसऱ्या महायुद्धात ते रेशनवर होतं, तेव्हा मी नगरला मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवायची. तपासणीला आलेले साहेब सोडियमची बाटली बघून भडकलेच. "बाई, लोकांना दिव्याला रॉकेल मिळेना, आणि तुम्ही त्यात धातू बुडवून ठेवता? पाण्यात ठेवा!"

"ठेवते की!" मी लोण्यासारखा सोडियम कापला आणि वाटाण्याएवढा तुकडा परातीतल्या पाण्यात सोडला. बुडतोय कसला! फुसफुसत गरगर पळाला आणि फाट्‌दिशी फुटला. साहेब थेट दारात.

वर्गातली पाथर्डीची सखू उठली. "सायेब, ह्यो धाकटा हुता. थोरला पोटॅशियम लई तापट हाय. त्यो पन पान्यात ठिवायचा का?"

साहेबांनी दारातूनच रॉकेल मंजूर केलं. दोन बाटल्या!