दाराजवळची बाज

— हां, हितं. हितंच दाराशी ठेवा बाज, जरा वारं लागंल त्याला. हळू, हळू! दनकन टेकवू नका दादा, येवढासा धक्का बसला की त्याचं आंग पुन्ना धनुकलीवानी ताठतंय, बघताय न्हवं? आनि बैलांच्या घुंगरमाळा सोडा आधी. व्हय, सोडाच, आवाज नगं. शरिफा, पाव्हन्यांला पानी आन गं, भांडं वाजवू नगंस. या दादा, हितं ओट्यावर बसा माझ्याजवळ. त्याच्यापुढं रडायचं न्हाई. दातखीळ बसलीय, बोलता येत न्हाई त्याला, पर ध्यान हाय, समदं ऐकू येतंय. धाकला भाऊ न्हवं तुमचा? बन्सी. तरी म्हनलं, तोंडवळा वळखीचा हाय. बाजारात बघितलाय मी त्याला, वासरं इकताना.

पर एक सांगतो रंगनाथदादा, मला डाक्टर म्हनू नका. आवं, समदं काष्टी गाव म्हनतंय म्हनून मी डाक्टर हुतो का? नाव सोनूबाई आनि हाती कथलाचा वाळा, तशी गत. भिंगारला पलटनीत भरती झालो तवा वाटलं बंदूक मिळंल — मिळाली बादली आनि झाडू! जहाजात घातलं, मिसरच्या वाळूत उतरवलं, म्हनले नूरुद्दीन, तू दवाखान्यात. लढाई सपेस्तवर तितंच. घरी आलो तर खांद्याला ती लाल फुलीची पिशवी — पिशवीत काय, तर माझे कपडे! — ती बघितली आनि गावानं ठरवूनच टाकलं. दुसऱ्या दिशी कडूबाई दारात उभी, म्हशीला घिऊन. म्हैस, दादा! म्हनली, गोऱ्यांला बरं केलंस, हिला न्हाई का करनार? आता हिला काय सांगू? थोडं आयोडिन हुतं ते लावलं खुराला. आनि म्हैस बरी झाली वं! तितंच माझं नशीब फुटलं. तवापास्नं कुनाचं पोर तापू द्या, कुनाची बाई अडू द्या, चला नूरूभाईकडं. मी म्हनतो, बाबांनो, मला कायबी येत न्हाई, तर म्हनत्यात, बघा, गर्व न्हाई गड्याला. काय करावं सांगा.

मला काय येतं सांगू? तांबडं फुटायच्या आधी उठायचं, चुलवान पेटवायचं, पानी उकळायचं. तंबूत वळीनं खाटा. ज्यांला उठता येत न्हाई त्यांची घान काढायची — कुनी लाजायचा, कुनी शिव्या द्यायचा, कुनी तोंड फिरवून रडायचा. मग त्यांचं आंग पुसायचं, दाढी करायची, ज्याला हात न्हाईत त्याला घास भरवायचा. मग पट्ट्या. रगताच्या पट्ट्या धुवायच्या, वाळत घालायच्या, गुंडाळून ठेवायच्या. वावटळ आली की समदी वाळू त्या पट्ट्यांवर — धुवा पुन्ना! शिस्टर यायची, डाक्टर मेजरसाब यायचा, ते इंग्रजीत बोलायचे आनि मी मागं बादली घिऊन उभा. कोन जगनार, कोन जानार, ते त्यांला ठाव. मला म्हनले खाट उचल, की मी उचलायची. येवढीच माझी डाक्टरी.

काय म्हनता? असला कुनी बघितला का तितं? बघितले की. धनुर्वातच हाय हा. जखमंत माती गेली की हेच हुतं, मग ती मिसरची वाळू आसू द्या न्हाईतर तुमच्या कुळवाची लोखंडी पास पायात घुसू द्या. आनि वरनं तुमी राख भरली — आसू द्या, आसू द्या, आपल्यात समदेच भरत्यात, माझ्या बापानंबी भरली आसती. आता तुमाला दोस दिऊन काय हुनार? असला मानूस आला की त्याला तंबूच्या पार आतल्या कोपऱ्यात न्यायचे, चारी बाजूंनी कांबळी बांधायचे. उजेड नगं, आवाज नगं, उगा हात लावायचा न्हाई. सुया टोचायचे. आनि एकांदा उठूनबी बसायचा बरं का, न्हाई आसं न्हाई! समदेच बसायचे आसं न्हाई म्हनत मी, खोटं कशाला बोलू. नगरच्या मोठ्या दवाखान्यात ती सुई आसंल, नसंल, मला काय ठाव? आगगाडी सांजंला हाय. तवर हितंच पडू द्या. मग चौघांनी खांद्यावर घिऊन ठेसनापोत्तर — न्हाई, न्हाई, खांद्यावर नगं. हातानं न्यायची. हातानंच न्यायची.

पानी प्या की. आसं हातात धरून बसू नका. मला उगंच राधाकृष्णाची आठवन येतीया. राजूरकडचा हुता, डोंगरातला गडी, पोटाला लागलेलं. त्या तंबूत मराठी बोलनारा मी येकटा, म्हनून दिसभर नुसतं नूरूभाई, नूरूभाई. राजूरचा बाजार, त्याचं भाताचं खाचर, त्याच्या आईच्या हातचं कालवन — आपल्याकडचं कुनी भेटलं की तितं मानूस कसं येडं हुतं, काय सांगू तुमाला. लई जीव लागला त्याचा. मग एक दिशी मेजरसाबनं त्याला बघितलं, मान हलवली, आनि मला बोटानं दार दावलं. रीतच हुती तितं. जो जगायचा न्हाई त्याची खाट दाराशी आनायची. म्हंजी कसं, मागनं उचलून न्यायला सोपं, समद्यांच्या मधनं न्यावं लागत न्हाई. पर समद्यांला ठाव आसायचं वं! खाट हलली की आख्खा तंबू गप व्हायचा. फकस्त ज्याची खाट त्यालाच ठाव नसायचं. त्याला कायतरी सांगावं लागायचं, त्येबी माझंच काम. राधाकृष्ण म्हनला, नूरूभाई, कुठं नेतोस रं मला? मी म्हनलं, कुठं न्हाई लेका, हितंच दाराशी. जरा वारं लागंल तुला —

न्हाई. दादा, थांबा. आसं बघू नका माझ्याकडं. आवं, ती तितली सवय! तुमी त्याला गाडीतनं उतरवला, मी त्याच्या तोंडाकडं बघितलं आनि तोंडातनं निघून गेलं — ठेवा दाराशी. मी कुठं काय ठरवलंय? मला काय कळतंय? मघाधरनं तेच सांगतोय न्हवं का तुमाला, मला कायबी कळत न्हाई म्हनून! आनि वारं लागतंच की हितं. बघा, लागतंय का न्हाई?

या अल्ला. त्यानं ऐकलं. हात लांब केला तर लागंल येवढ्यावर हाय की तो, आनि मी आपला बसलोय गोष्टी सांगत. त्याचं डोळं बघा दादा. बन्सी, माझ्याकडं नगं बघूस रं. मी डाक्टर न्हाई लेका, म्हशीचा खूर बरा झाला त्यो झाला. तू नगं ऐकूस माझं.

काय? आत न्यायची? — दादा, दाराशी आनलेली खाट पुन्ना आत नेलेली मी एकडावबी बघितली न्हाई. कुनी सांगितलंच न्हाई कदी. राधाकृष्णाची न्यावी आसं लई वाटलं हुतं मला, लई वाटलं हुतं, पर मी कोन? बादलीवाला. — व्हय. व्हय, खरं हाय तुमचं, हितं कुठला मेजरसाब आलाय. शरिफा, आतल्या खोलीतलं समदं बाजूला कर, हळू, आनि खिडकीला घोंगडं बांध. अंधार कर. पार अंधार कर. दादा, तुमी पायथा धरा, मी उशाकडनं धरतो. दोघांनी एकदमच उचलायची, उंबऱ्याला लागू द्यायची न्हाई. आनि तो जगंल का, आसं मला इचारू नका. कायबी इचारू नका. आवाज नगं आता. मीबी बोलत न्हाई. धरा.