आज काही करू नका

...आणि वर मलाच म्हणतात, तुझा स्वभाव धंद्याचा नाही. आता तुम्हीच सांगा, माझं चुकलं कुठे?

तुम्हाला सांगतो, आई माझी नर्स. निवृत्त झाली आणि बँकेतल्या एका गोडबोल्या साहेबानं तिच्या गळ्यात अशी योजना मारली, की पैसे मिळणार ती नव्वदीची झाल्यावर. म्हटलं, 'आई, सही का केलीस?' तर म्हणते, 'अरे, त्यानं मला पाणी विचारलं.' पाणी विचारलं! डोकंच सणकलं माझं. नोकरी सोडली, दोन मित्र गोळा केले, शिवणक्लासच्या वरची खोली घेतली, खाली मशिनांची खडखड, वर आमची, आणि गुंतवणुकीचा सल्ला देणारं ॲप काढलं. विकणाऱ्यांकडून दलाली घ्यायची नाही, गिऱ्हाइकाला खरं तेच सांगायचं. आता खरा सल्ला म्हणजे काय हो? बहुतेक दिवशी एकच... पैसे गुंतवलेत ना, मग आज काही करू नका. रोज सकाळी ॲप तेवढंच सांगायचं. माझं चुकलं कुठे?

एका काकूंचा फोन. 'काही न करायची फी घेता?'

'हो काकू, केलंत तर बुडाल.'

'आमच्या शेजारणीचा मोबाईल दिवसभर वाजतो, काय काय घेते, विकते. आमचा मेला मुका.'

म्हणजे बुडालं तरी चालेल, पण वाजतगाजत बुडायला हवं.

मग कंपनीत पैसा घातलेले बडे साहेब आले. 'हे बघ राजा, लोकांना हालचाल हवी. एक हिरवं बटण टाक, आत्ता घ्या. विकणारे आपल्याला दलाली देतील.' म्हटलं, 'अहो, असल्याच दलालीपायी माझी आई...' 'आईला मध्ये आणू नकोस.' आणू नको? तिच्यासाठीच तर कंपनी काढली ना मी? नाही म्हणालो, ठाम. त्यांनी मतं घेतली. माझ्या दोन्ही मित्रांचे हात वर, नजर छताला. माझ्याच कंपनीतून मला काढलं. माझं चुकलं कुठे?

बटण आलंच. आईचा फोन. 'अरे, आज ॲप चक्क घ्या म्हणालं. उरलंसुरलं सगळं टाकतेय.'

'आई, दाबू नकोस ते. मला काढलंय तिथून. माझं ऐक.'

आई समजुतीनं म्हणाली, 'बाळा, ज्याला स्वतःची कंपनी टिकवता आली नाही, त्याचा सल्ला कसा घेऊ रे?'

...बरोबर आहे तिचं. मीसुद्धा घेतला नसता.